शेवटच्या फेरीतली जागा

बाळाचा हात तिच्या दोन बोटांत मावत होता आणि त्यावरची शीर पुन्हा एकदा निसटली होती, नेमका तेव्हा बेसिनशेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये तिचा फोन थरथरला. नवजात बाळांच्या त्या खोलीत फोन आत न्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे सगळ्यांचे फोन त्या ट्रेमध्ये पडलेले असायचे आणि एकाचा वाजला की सगळेच खडखडायचे. "तुमचाच आहे," मोठ्या सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. "वाजू दे," ती म्हणाली. अंगठ्याच्या मुळाशी तिने हलकेच टिचकी मारली, एक निळसर रेघ वर आली, सुई आत गेली, नळीत रक्ताचा ठिपका दिसला. सिस्टरांनी लगेच चिकटपट्टी लावली. बाळ रडलं नाही. इतकी लहान बाळं रडायची तसदी घेत नाहीत, नुसतं तोंड वाकडं करतात आणि पुन्हा झोपतात, जणू तुम्हाला एवढंही जमत नाही का, असं म्हणून. आज पदव्युत्तर प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचा निकाल लागणार हे तिला सकाळपासून माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच ती ट्रेकडे पाठ करून उभी होती. तिने बाळाच्या काचेच्या उबदार पेटीचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग फोन उचलला. वर तिचं नाव, तिचा क्रमांक, खाली एका दूरच्या कॉलेजचं नाव, आणि त्याच्या खाली विषय: ॲनाटॉमी.

आधी तिला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. माणसाला आपल्या घराच्या दारावर परक्याचं कुलूप दिसावं तसं ती त्या शब्दाकडे बघत राहिली. तिने सहा जागा मागितल्या होत्या, सहाही बालरोगाच्या, सहा वेगवेगळ्या कॉलेजांतल्या. त्यातली एक मिळेल, नाहीतर काहीच मिळणार नाही आणि पुढच्या वर्षी पाचव्यांदा परीक्षा द्यायची, एवढंच तिच्या हिशेबात होतं. ॲनाटॉमी तिने मागितलंच नव्हतं. पहिल्या फेऱ्यांत काहीही मागा, मिळालं आणि आवडलं नाही तर सोडा, कोणी विचारत नाही. पण शेवटची फेरी ही वेगळी चीज असते. तिथे जे मिळेल ते घ्यावंच लागतं. सोडलंत तर पुढची दोन वर्षं परीक्षेलाच बसता येत नाही. म्हणून शेवटच्या फेरीत माणूस हात आखडून भरतो, ज्याच्यासोबत जन्म काढता येईल तेवढंच लिहितो. हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि मग तिला आठवलं की परवाची ती पसंतीची यादी तिने स्वतः बंद केलेली नव्हती.

फोन पुन्हा थरथरला. बाबा. "आलं ना गं? बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, काहीतरी येणार!" त्यांचा आवाज इतका मोठा होता की सिस्टरांनी मान वळवून पाहिलं. ती जिन्यात गेली. "बाबा, ते ॲनाटॉमी..." "मीच टाकलं होतं शेवटी," बाबा म्हणाले, चोरून खाऊ आणून ठेवणाऱ्या माणसाच्या आवाजात. "तू झोपली होतीस. सहा नावांनंतर एक ओळ मोकळी दिसली, म्हटलं रिकामी कशाला ठेवायची. हातात काहीतरी असलेलं बरं. नको असेल तर दे सोडून! मागे ते पॅथॉलॉजी मिळालं होतं तेव्हा सोडलंस की नाही? काय झालं? काही नाही झालं." ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. खालच्या मजल्यावर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं. बाबा, या वेळी सोडता येत नाही, हे वाक्य तिच्या तोंडात अगदी तयार होतं, नुसते ओठ उघडायचे होते. "ऐकतेयस ना?" बाबा म्हणाले. "घरी आल्यावर बोलू," ती म्हणाली.

यादी भरायच्या दिवशी ती सकाळी ड्युटीवरून आली होती, कपडेही न बदलता कॉटवर आडवी झाली होती, आणि डोळे मिटूनच तिने बाबांना सहा कॉलेजं सांगितली होती. बाबा संगणकासमोर चष्मा कपाळावर चढवून बसले होते, एकेक अक्षर शोधून दाबत होते. संकेतस्थळ अडत होतं, गोल गोल फिरत होतं. "झालं की लॉक करा बाबा," ती म्हणाली होती, आणि नंतरचं तिला काही आठवत नव्हतं. उठली तेव्हा अंगावर चादर होती, पंख्याचा वेग कमी केलेला होता आणि लॉक झाल्याचा निरोप फोनवर येऊन पडला होता. तिने तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. बाबांनी तिला उठवलं नाही, कारण पोर दमून आली होती. एवढंच. यात कोणावर रागवायचं? तिने रागवायचा प्रयत्न करून पाहिला. पंख्याचा वेग मध्ये यायचा आणि राग कुठल्या कुठे जायचा.

आत सर राउंडला आले होते. सर म्हणजे त्या इस्पितळाचे बालरोगतज्ज्ञ, तीन वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. मोठी पदवी नसली तरी हात आहे, असं ते तिच्यामागे म्हणायचे आणि ते तिच्यापर्यंत पोचायचं. तिने सांगितलं. सर पेटीवरून वर बघत म्हणाले, "अगं, पण तू ते भरलंसच कशाला? शेवटच्या फेरीत कोणी असं भरतं का?" "भरलं गेलं चुकून," ती म्हणाली. ते बोलल्यावरच तिला कळलं की आपण काय करायला लागलोय. "कमाल आहे," सर म्हणाले. मग जरा वेळाने, बाळाचं पोट बोटांनी चाचपत, "वाईट नाही म्हणा विषय. रविवारी सुट्टी, झोप पूर्ण, कोणाचे नातेवाईक अंगावर धावून येत नाहीत. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत." ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "आणि नाहीच घेतलीस तर? राहा माझ्याकडे दोन वर्षं. मग दे परत. तेव्हा किती वर्षांची असशील, बत्तीस?" "तेहतीस." "मग काय झालं," सर म्हणाले, पण ते वाक्य म्हणताना त्यांनी आधीच पुढच्या पेटीकडे पाऊल टाकलं होतं.

म्हणजे वाट होती. बंदी घालून घ्यायची, दोन वर्षं इथेच काढायची, मग पुन्हा पुस्तकं. तिला जमलं असतं. हे तिला स्वतःबद्दल नक्की माहीत होतं, मिरची तिखट असते इतकं नक्की. तिने चार वेळा ती परीक्षा दिली होती, आणखी एकदा दिली असती, दात-ओठ खाऊन दिली असती. पण घोडं तिथे अडत नव्हतं. जागा सोडली की पुढच्या परीक्षेची तारीख येणार, बाबा विचारणार, फॉर्म भरलास का? आणि मग सांगावं लागणार की भरता येत नाही. का नाही? बाबांना कळू द्यायचं नसेल तर एकच मार्ग होता, जागा घ्यायची, आणि आवडीने घेतली असं दाखवायचं. दुपारभर ती याच्याभोवती फिरत राहिली. दूध किती पचलं, लघवी किती झाली, कावीळ किती उतरली, सगळं बघत होती, लिहीत होती, आणि आतून तोच एक विचार दळत होता. एका पेटीपाशी बाळाची आई खुर्चीवर बसली होती, भोकातून हात घालून बाळाच्या पायाला एका बोटाने शिवत होती. "मॅडम, उद्या तुम्हीच असाल ना?" तिने विचारलं. "तुमचा हात लागला की हा शांत राहतो." असं काही नसतं, इतक्या लहान बाळाला कोणाचा हात ते कळत नाही, असं सरांनी सांगितलं असतं. "असेन," ती म्हणाली. आज ती दुसऱ्यांदा खोटं बोलत होती आणि दिवस अजून संपायचा होता.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाबा डेपोत वेळनोंदणीच्या कामावर होते, सगळी नोकरी त्यांनी त्या तीन बाजूंनी काचा असलेल्या खोक्यात काढली. शाळा सुटल्यावर ती तिथे जाऊन बसायची, टेबलाखालच्या लाकडी पेटीवर. कुठली गाडी किती वाजता सुटली ते बाबा लिहायचे, शिट्टी मारायचे, गाडी हलायची. शेवटची गाडी असली की मात्र बाबांचं पेन चालायचं नाही. ते ड्रायव्हरला हाक मारायचे, टायरमध्ये हवा कमी वाटते का रे, म्हणायचे, उगाच खाली वाकून बघायचे, आणि तेवढ्यात फाटकातून कोणीतरी धापा टाकत, चप्पल हातात घेऊन पळत यायचं. ड्रायव्हर हसायचे, तुमचं लक्ष हवेकडे नाही, फाटकाकडे आहे, म्हणायचे. एकदाच त्यांनी गाडी वेळेवर सोडली. साहेब तपासणीला आले होते, इलाज नव्हता. गाडी वळणावर गेली आणि एक माणूस आला. त्याचे वडील गावाला शेवटच्या घटका मोजत होते. तो भांडला नाही, नुसता बाकावर बसून राहिला, आणि बाबा त्याच्याशेजारी उजाडेपर्यंत बसले. ही गोष्ट बाबा अजून सांगतात. कुठलाही विषय निघो, फिरून फिरून तिथे येतात, आणि "एक मिनिट थांबवली असती तर" म्हणतात. त्यांना समजावण्यात अर्थ नसतो. आई गेली तेव्हाही, डॉक्टरकडे आधी न्यायला हवं होतं, हे ते कितीतरी महिने भिंतीशी बोलायचे. तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती, तिने त्यांना आजार समजावून सांगितला, आकृती काढून सांगितला, आधी नेऊनही काही उपयोग नव्हता हे पटवलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत होतीच.

त्या माणसाची तर नुसती एक गाडी चुकली होती. आणि इथे तर बाबांनी स्वतःच्या हाताने एकेक अक्षर दाबून तिचं आयुष्य लिहिलं होतं. हे कळलं तर ते जेवायचे नाहीत. ती मनात चित्र बघत होती: बाबा संगणकासमोर बसलेत, चष्मा कपाळावर, आणि बंद पडद्याकडे बघतायत. एक वर्ष, दोन वर्षं, जितकी असतील तितकी. नाही. ते तिला बघवलं नसतं. मग ॲनाटॉमी. तिने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. पहिल्या वर्षाचा तो हॉल आठवला, उंच खिडक्या, दगडी फरशी, डोळ्यांना झोंबणारा औषधाचा वास, जो जेवतानाही बोटांतून जायचा नाही. तिला ते चांगलं जमायचं, हीच तर गंमत. मज्जातंतू आणि शीर न फाडता वेगळी काढायची असली की तिथले शिक्षक तिला हाक मारायचे. पण तिथे कोणाला घाई नव्हती. टेबलावरचा माणूस कालही तसाच होता, उद्याही तसाच राहणार होता, तुम्ही काहीही केलंत तरी त्याचं बरं-वाईट काही होणार नव्हतं. मुलं खिडकीत बसून गप्पा मारायची. आणि तिला पहिल्यांदा बाळ हातात मिळालं, निळं पडलेलं, गप्प, आणि तिने त्याची पाठ चोळली, पिशवीने हवा दिली आणि ते हळूहळू गुलाबी झालं, आधी ओठ, मग छाती, सगळ्यात शेवटी तळवे. तेव्हा तिला कळलं होतं की आपल्याला काय हवंय. चार वर्षं ती त्या रंगाच्या मागे धावत होती. यापुढे तिच्यासमोर कोणीही निळं पडणार नव्हतं आणि कोणीही गुलाबी होणार नव्हतं. दार उघडून बाहेर आली की बाकावरून कोणी ताडकन उठणार नव्हतं. बसच्या खिडकीला डोकं टेकून ती रडली, फार नाही, शेजारचीला सर्दी वाटावी इतपतच.

बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. तिने चप्पल काढायच्या आत ते उभे राहिले. "या डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तोंड बघू. हां. रागावलीस. मला वाटलंच." ती हसली. तोंड धुऊन येते म्हणाली, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, आरशात पाहून एकदा "आवडतो" असं हळूच म्हणून बघितलं. बाहेर आली. बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते, ती काय बोलते त्याला उत्तर द्यायला सज्ज. "बाबा, मी घेतेय ती जागा," ती म्हणाली.

"कुठली?"

"तुम्ही टाकलेली. ॲनाटॉमी. उद्याच जाऊन नाव नोंदवायचंय, सगळी मूळ कागदपत्रं लागतील."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग तिने बसमध्ये जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं: विषय तिला पहिल्यापासून जमायचा, शिकवायला मिळेल, झोप पूर्ण होईल, सरही म्हणाले वाईट नाही, रविवारी सुट्टी. बोलता बोलता ती स्वतःचाच आवाज ऐकत होती आणि तो बरा वाटत होता, पटण्यासारखा. "खरंच?" बाबा म्हणाले. "कोणी सांगितलंय का घे म्हणून? सरांनी?" "नाही हो. माझ्या मनाने घेतेय." "मी टाकलं म्हणून नको हं घेऊस. मी आपलं रिकामी ओळ दिसली म्हणून..." "बाबा, बरं झालं तुम्ही टाकलंत. मला सुचलंच नसतं." हे म्हणताना तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता ते खूश होतील, असं तिला वाटलं. ते त्या हाताकडे बघत राहिले.

"मला वाटलं होतं, तू मला बोल बोल बोलशील," ते शेवटी म्हणाले. "म्हणशील, बाबा, तुम्हाला कळत कसं नाही, मला लहान मुलांचंच करायचंय. सकाळपासून तयारी करून बसलो होतो बोलणी खायची." ते उठले, तिच्या खोलीच्या दाराशी गेले. ती मागून गेली. तिचं टेबल पुसलेलं होतं. पुस्तकं विषयवार लावलेली होती, नावं बाहेर. जुना दिवा, ज्याचा उजेड थरथरायचा, तो खाली काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी नवा होता, मान वाकवता येणारा. "म्हटलं आणखी एक वर्ष," बाबा म्हणाले. "एक काय, दोन. तुला काय, तू सोडणार नाहीस. आणि मला तरी दुसरं काय काम आहे." त्यांनी दिव्याचं बटण दाबून दाखवलं, टेबलावर पांढरा स्वच्छ उजेड पडला, आणि मग बंद केला. "असो. परत घेतो म्हणालाय दुकानदार."

आता सांगायला हवं होतं. ती तोंड उघडून उभी होती. बाबा, मी लहान मुलांचं सोडत नाहीये, मला ही जागा सोडता येत नाहीये, तुमच्यामुळे. या वाक्यातला शेवटचा शब्द गाळून ते कसं सांगायचं ते तिला काही केल्या सापडेना. "थकली असशील," बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तिला परीक्षेत कमी गुण पडले की ठेवायचे तसा. "मीच बघितलं नाही. माणूस आहे, थकणारच. काही वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, की खरंच थकलोय का आपण? बाबांना वाचवायचं म्हणून घेतली जागा, की वाचवायला बाबा होते म्हणून घेता आली? तिने घाईने ते मनातून बाजूला सारलं, पण ते गेलं नाही, कोपऱ्यात जाऊन बसलं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. काकांचा होता, आज निकाल आहे हे सकाळीच बाबांनी त्यांना सांगितलं असणार. ती कपाटातून प्रमाणपत्रं काढत होती, दहावीचं, बारावीचं, पदवीचं, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीतून. दार उघडं होतं. "हो, मिळालं," बाबा म्हणत होते. "नाही, लहान मुलांचं नाही. ॲनाटॉमी. म्हणजे शिकवायचं असतं, कॉलेजात. ...हो, हो, चांगलंच आहे. ...नाही रे, जबरदस्ती कोण करणार, मी तर सोड म्हटलं होतं. तिनेच घेतलं." मग काकांनी काहीतरी विचारलं असावं. ती हातात कागद धरून तशीच उभी राहिली.

"काय सांगू तुला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तिला आता नको झालं ते."